हॉटेलच्या बिलावर शेकडेवारी: नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

सातवीतल्या मुलाला ‘१३५० चे ५ टक्के काढ’ म्हणून सांगा. तो ५ छेद १०० गुणिले १३५० अशी मांडणी करतो, वरची-खालची शून्यं खोडतो आणि ६७५ लिहून मोकळा होतो. तेराशे पन्नासावर पावणेसातशे रुपये कर, हे त्याला अजिबात खटकत नाही. तोच मुलगा मे महिन्यात तारकर्लीला काकाच्या खानावळीत गल्ल्यावर बसला, तर गिऱ्हाइकाने एक दहाची नोट कमी दिली तरी त्याच्या लक्षात येतं. म्हणजे हिशेब त्याला येतो. वहीतल्या आकड्यांना वास-चव नसते एवढंच.

गेली काही वर्षं मी मालवण भागात सहावी ते दहावीच्या मुलांना शेकडेवारी हॉटेलच्या बिलांवरून शिकवतो आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांचा खानावळीशी, होमस्टेशी नाहीतर मासळीशी संबंध असतो, त्यामुळे साहित्य शोधायला लांब जावं लागत नाही. तुम्ही नव्याने शिकवायला लागला असाल, शाळेत, शिकवणीत किंवा घरच्याच मुलाला, तर हा क्रम वापरून बघा. बिलं नीट जमवलीत तर अर्धं काम तिथेच होतं.

बिलं जमवताना

दहा-बारा बिलं पुरतात, पण ती वेगवेगळ्या जातीची हवीत. एक मशीनवर छापलेलं, एक बिलबुकात हाताने लिहिलेलं, एक जीएसटीचं, एक बिनजीएसटीचं. सावंतवाडी-बांद्याकडे राहत असाल तर एखादं गोव्यातलंही मिळवा, त्याचं काम पुढे आहे. मुलांना आणायला सांगाल तेव्हा ‘तुम्ही हॉटेलात जेवलात त्याचं बिल आणा’ असं मात्र म्हणू नका. वर्गात कधीच हॉटेलात न जेवलेली मुलं असतात, आणि आई हॉटेलात भाकऱ्या भाजायला जाते अशीही असतात. ‘कुठलंही जुनं बिल आणा, वडापावचं चालेल, शेजाऱ्यांकडचं चालेल’ एवढं सांगितलं की कोणाची पंचाईत होत नाही.

बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा. मशीनचा तो गुळगुळीत कागद उष्णतेवर छपाई उमटणारा असतो, ऊन आणि दमटपणा लागला की अक्षरं उडतात. पहिल्या वर्षी मी एप्रिलमध्ये जमवलेली बिलं पत्र्याखालच्या कपाटात ठेवली. जूनमध्ये काढली तर अर्धी कोरी, उरलेल्यांवर सोलकढीचे डाग तेवढे शाबूत. झेरॉक्स काढायच्या आधी गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर पट्टी चिकटवून झाका. हे मी एकदा केलं नाही, आणि एका पालकाने मला रस्त्यात थांबवून चार शब्द सुनावले. त्यांचं बरोबर होतं.

दारूची नोंद असलेलं बिल बाजूला ठेवा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट लागतो, म्हणजे एका बिलात दोन वेगळे कर येतात. सुरुवातीला हा गुंता नको, आणि वर्गात नको ते हसू फुटतं ते वेगळंच.

पहिला तास फक्त वाचायचा

पहिल्या दिवशी गणित करू नका. बिल नुसतं वाचून घ्या. आमच्या वर्गात फळ्यावर असतं ते नमुन्याचं बिल असं:

सुरमई थाळी, २ नग, दर ३८०: ७६०
कोंबडी वडे, १ नग: २८०
तिसऱ्या (शिंपल्या) मसाला, १ नग: २२०
सोलकढी, ३ नग, दर ३०: ९०
एकूण: १३५०
सीजीएसटी २.५%: ३३.७५
एसजीएसटी २.५%: ३३.७५
राउंड ऑफ: ०.५०
देय रक्कम: १४१८

मुलांना विचारा: यात पदार्थांचे पैसे कुठे संपतात? सरकारचे कुठे सुरू होतात? ५० पैसे कुठून आले? ‘दर’ आणि ‘रक्कम’ यांत फरक काय? सहावीतली बरीच मुलं ३८० ला दोनाने गुणलेलं बघतच नाहीत, ती सरळ दराचा रकाना बेरजेला धरतात आणि ९१० वर येतात. आलं तर येऊ द्या, शेजारचा मुलगाच चूक दाखवतो.

दोन कर का, हा प्रश्न येतोच. एक हिस्सा केंद्राचा, एक राज्याचा, दोन्ही मिळून पाच टक्के, एवढं उत्तर पुरे. मोठ्यांना वर छापलेला पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक दाखवा. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पत्ता झाकून बिल द्या आणि ‘हे जेवण सीमेच्या अलीकडे झालं की पलीकडे?’ विचारा. टक्केवारीशी याचा काही संबंध नाही, मला कबूल आहे. पण यानंतर मुलं बिलावरचं एकही अक्षर सोडत नाहीत.

आणि या तासाला एक सवय लावून टाका. बिलात जिथे जिथे टक्के दिसतील तिथे मुलांनी शेजारी पेन्सिलीने ‘कशाचे?’ लिहून उत्तर भरायचं. २.५ टक्के कशाचे? थाळीचे नाहीत, १४१८ चे नाहीत, १३५० चे. शेकडेवारीत मुलं जिथे जिथे अडखळतात तिथे गुणाकार क्वचितच चुकलेला असतो, हा प्रश्न विचारायचा राहिलेला असतो.

दहा टक्क्यांवरून खाली उतरायचं

आता हिशेब. कागद-पेन बाजूला, तोंडीच. दहा टक्के म्हणजे दहावा हिस्सा, टिंब एक घर डावीकडे: १३५० चे १३५. त्याचं निम्मं पाच टक्के: ६७.५०. त्याचंही निम्मं अडीच टक्के: ३३.७५. झालं, बिलावरचा आकडा आला. सुरुवातीला मात्र १३५० घेऊ नका, ४०० घ्या: ४०, २०, १०. मग ६००, मग ८४०, मग १३५०.

एक टक्का हवा असेल तर टिंब दोन घरं सरकवा: १३.५०. दहा, पाच आणि एक हे तीन हाताशी असले की कुठलीही टक्केवारी जुळवता येते. १२ म्हणजे दहा अधिक एक अधिक एक. १८ म्हणजे वीसातून दोन वजा. हा वजाबाकीचा मार्ग मुलांना आपणहून सुचत नाही, एकदा करून दाखवावा लागतो. मग त्यांना त्याची चटक लागते.

उत्तर काढायच्या आधी अंदाज बोलून घ्या. ‘तेराशेवर पाच टक्के, शंभराच्या वर की खाली?’ हा प्रश्न रोज विचारला की ६७५ सारखी उत्तरं आपोआप बंद होतात.

इथे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कामाला लावा. आमच्या आज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, पाठ केले होते. नातू ‘तेहतीस पॉइंट पंच्याहत्तर’ म्हणतो, आजी ‘पावणेचौतीस’ म्हणून मोकळी होते, आणि पावणेचौतीस दुणे साडेसदुसष्ट हे तिला कागद लागत नाही. २५ टक्के म्हणजे पाव, ७५ म्हणजे पाऊण, २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट, ५० टक्के वाढ म्हणजे दीडपट. शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, त्यांना फक्त टक्क्याचं चिन्ह जोडून द्यायचं. गृहपाठात ‘घरातल्या मोठ्या माणसाला पावकी म्हणायला सांगा’ असं लिहून देतो. गणिताच्या सगळ्या गृहपाठांत तो पूर्ण होऊन येण्याचं प्रमाण सर्वात जास्त.

बिलावर कर नसेल तर

हे मला एका सातवीतल्या मुलीने शिकवलं. मी ऐटीत म्हणालो, हॉटेलच्या बिलावर पाच टक्के जीएसटी असतोच. ती उठून म्हणाली, “सर, आमचे बाबा जीएसटी घेणत नाय.” वर्ग हसला, जणू बाबा काहीतरी चोरून करतात. ते मिटवायला मला दुसऱ्या दिवशी माहिती काढून यावं लागलं, म्हणून तुम्ही आधीच काढून जा.

आपल्याकडे सेवा देणाऱ्या धंद्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेला माणूस गिऱ्हाइकाकडून कर घेऊच शकत नाही. दुसरा प्रकार कंपोझिशनवाल्यांचा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेतल्यांचा. त्यांची नोंदणी असते, दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला ही सवलत मिळते, ते आपल्या उलाढालीवर पाच टक्के स्वतः भरतात. पण बिलात तो कर वेगळा दाखवून गिऱ्हाइकाकडून घ्यायची त्यांना परवानगी नाही, आणि तसं बिलावर लिहावं लागतं. म्हणजे त्या मुलीच्या बाबांचं बिल अगदी नियमात होतं. मी हे फळ्यावर सगळ्यांसमोर मांडलं आणि मग त्याच खानावळीचं बिल गणिताला घेतलं.

एसी हॉटेलात कर जास्त, असं अजून पुष्कळ पालक सांगतात. तसं पूर्वी होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिनएसीला १२ आणि एसीला १८ टक्के होते, १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हींना ५ झाले. (खूप महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलांत अजूनही १८ आहेत, ती बिलं आपल्या वर्गात येत नाहीत.) दहावीला ‘अर्थनियोजन’ प्रकरणात जीएसटी आहेच, तेव्हा त्या मुलांना तेराशे पन्नासाचं बिल तिन्ही दरांनी करायला लावा: २४३, १६२, ६७.५०. आणि मग विचारा, १८ चे ५ झाले तर कर किती टक्क्यांनी घटला? निम्मा वर्ग १३ म्हणेल. पण कर २४३ चा ६७.५० झाला, म्हणजे घट जवळपास ७२ टक्के. पेन्सिलीने लिहा: कशाचे?

उलटा हिशेब

इथे घाई करू नका, दोन तास गेले तरी चालतील. बिलाचा वरचा भाग फाटला आहे, खाली फक्त ‘कर धरून ५२५’ दिसतं. मूळ रक्कम किती? बहुतेक मुलं ५२५ चे पाच टक्के काढतात, २६.२५, आणि ४९८.७५ उत्तर देतात. चूक आहे असं म्हणू नका. ‘पडताळून बघ’ म्हणा. ४९८.७५ वर पाच टक्के चढवले की ५२५ येत नाहीत, थोडे कमी पडतात. मुलं स्वतःच बुचकळ्यात पडतात.

मग पैसे मांडा. खेळण्यातल्या नोटा नाहीतर कोकमाच्या बिया. वीस बिया जेवणाच्या, एक बी कराची, कारण पाच टक्के म्हणजे विसावा हिस्सा. एकूण किती? एकवीस. म्हणजे कर धरून आलेल्या रकमेत कर हा एकविसावा हिस्सा आहे. ५२५ भागिले २१, बरोबर २५. जेवण ५०० चं. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी बिया मोजून घेतल्या तर हे कायमचं बसतं. माझा अनुभव असा की सूत्र आधी दिलेल्या तुकडीने परीक्षेत मार्क मिळवले आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरूनही गेली.

सूट आणि सर्व्हिस चार्ज

सूट सोपी आहे, लवकर उरका. १३५० वर दहा टक्के सूट, १२१५ राहिले, त्यावर पाच टक्के ६०.७५, एकूण १२७५.७५. आधी कर लावून मग एकूण रकमेवर सूट दिली तरी? तेवढेच येतात. मुलांना हे पटत नाही, करू द्या. दहा वजा आणि पाच अधिक म्हणजे पाच टक्के स्वस्त, असंही वाटतं. खरं बिल मूळ रकमेच्या साडेपाच टक्के खाली येतं.

सर्व्हिस चार्ज मात्र दाखवायलाच हवा. समजा हॉटेलने १३५० वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला: १४८५. मग त्या १४८५ वर जीएसटी: ७४.२५. एकूण १५५९.२५. आधीच्या बिलातल्या, राउंड ऑफ करण्यापूर्वीच्या १४१७.५० पेक्षा १४१.७५ जास्त. हे मूळ रकमेचे किती टक्के? साडेदहा. ‘दहा’ म्हणून आलेला पाहुणा साडेदहा खाऊन गेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडायचा नाही, तो ऐच्छिक आहे, आणि तो मिळवून त्यावर जीएसटीही लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना ग्राह्य धरल्या. टीप आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीखाली दहा-वीस रुपये ठेवून जातात, तिचा टक्का काढायची कोणाला सवय नाही. वर्गात एकदा काढून बघा: १४१८ च्या बिलावर १५०० देऊन ‘राहू दे’ म्हटलं तर ८२ रुपये, म्हणजे १३५० च्या सहा टक्क्यांहून थोडे जास्त.

याचा उपयोग होतो का? एका सहलीत आम्ही ४६ जण दुसऱ्या तालुक्यातल्या एका हॉटेलात जेवलो. थाळी १२० रुपये, एकूण ५५२०. मी पैसे देणार तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने बिल ओढून घेतलं. सीजीएसटी २७६, एसजीएसटी २७६. ती पुटपुटली, “दहा टक्के ५५२, म्हणजे पाच २७६. सर, हे अडीच नाही, पाच आहेत. दोन्ही मिळून दहा घेतले.” मालकाने बघितलं, मशीनमध्ये दर चुकीचा भरला गेला होता. त्यांनी २७६ परत केले आणि वर सगळ्यांना कोकम सरबत दिलं. त्या दिवशी तिथे किती गिऱ्हाइकं जेवली असतील, याचा हिशेब मुलांनी गाडीत बसून सुरू केला. मी थांबवला.

टीटीएमएम

तुझं तू, माझं मी. मोठ्या मुलांना हा भाग सर्वात जास्त आवडतो, कारण यात भांडता येतं. वरच्याच बिलात तिघे जेवले. दोघांनी सुरमई थाळी घेतली आणि तिसऱ्या मसाला वाटून खाल्ला, उरलेल्या एकाने कोंबडी वडे खाल्ले, सोलकढी प्रत्येकी एक. समान वाटणी केली तर प्रत्येकी ४७२.५०. खाल्लं त्याप्रमाणे केली तर पहिले दोघे ३८० अधिक ११० अधिक ३०, म्हणजे ५२०, आणि वडेवाला ३१०. कर कोणी भरायचा? ज्याच्या त्याच्या रकमेवर पाच टक्के: ५४६, ५४६ आणि ३२५.५०. बेरीज १४१७.५०, जुळली. समान वाटणीत वडेवाल्याला १४७ रुपयांचा फटका बसत होता.

राउंड ऑफचे ५० पैसे कोणाचे, यावर आमच्याकडे एकदा पंधरा मिनिटं गेली. जाऊ द्या. त्या पंधरा मिनिटांत मुलांनी १३५० पैकी ३१० म्हणजे साधारण २३ टक्के, म्हणून ५० पैशांतले बारा पैसे त्याचे, इथपर्यंत मजल मारली होती. एवढं माझ्या शिकवण्याने झालं नसतं.

भाव वर, भाव खाली

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ताजी सुरमई मिळेनाशी होते आणि थाळीचा भाव चढतो. समजा ३५० ची थाळी २० टक्क्यांनी वाढली: ४२०. नारळी पौर्णिमेनंतर मासळी आली, मालकाने भाव २० टक्क्यांनी उतरवला. किती झाला? वर्ग एका सुरात ३५० म्हणतो. येतात ३३६. वीस टक्के तेच, पण चढताना ३५० चे होते, उतरताना ४२० चे. मूळ भावावर यायला ७० रुपये उतरवायचे, ते ४२० च्या सहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे १६ टक्क्यांच्या थोडे वर. पापलेटच्या पुढे ‘भाव साईजप्रमाणे’ लिहिलेलं असतं, त्याला मात्र कुठलीच शेकडेवारी लागू पडत नाही.

शेवटी बिल मुलांनी करायचं

शाळेत आनंदमेळा भरतो तेव्हा एका गटाला बिलबुक द्या. आमच्या गटाने सोलकढी विकली. नारळ, कोकम, मिरची, लसूण, कागदी पेले धरून ४० पेल्यांना ४८० रुपये खर्च, म्हणजे पेला १२ ला पडला. विकायचा १५ ला. नफा किती टक्के? एक म्हणाला २५, दुसरा म्हणाला २०. दोघंही आपापल्या जागी बरोबर, एकाने खरेदीवर काढला, दुसऱ्याने विक्रीवर. पुस्तकात नफा खरेदीवर काढतात हे सांगून टाका, पण बाजारात दुसराही हिशेब चालतो हेही सांगा.

त्या दिवशी ३६ पेले विकले गेले, गल्ल्यात ५४० आले. ४८० वर ६० नफा, म्हणजे साडेबारा टक्के, आठवा हिस्सा. पंचवीस ठरवले होते, हाती निम्मे आले, तेव्हा उरलेल्या चार पेल्यांची चौकशी झाली. तीन पेले गटातल्यांनीच चाखून बघितले होते. चौथा मुख्याध्यापकांना नेऊन दिला होता, त्याचं रीतसर बिल फाडलेलं सापडलं: सोलकढी १ नग, दर १५, सूट १०० टक्के, देय रक्कम ०.